परक्यांच्या पायाची दवा

आईच्या पायाला जखम झाली ती भावकीतल्या एका हळदीत. मोरिवलीत आणि आजूबाजूच्या आगरी गावांत आई धवले गाते. आमच्याकडे लग्नातला एकही विधी धवलारणीच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे मांडवात सगळ्यांत जास्त वेळ उभं राहावं लागतं ते तिलाच. त्या दिवशी तिच्या पायात नव्या चपला होत्या आणि उजव्या चपलेच्या तळातून एक बारीक खिळा वर आला होता. आई त्यावर संध्याकाळपर्यंत उभी राहिली. नंतर बायकांबरोबर नाचलीसुद्धा. तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी लादी पुसायला बसली, तेव्हा तिला मोरीपासून देवघरापर्यंत तांबडे ठसे दिसले. सगळे एकाच पायाचे.

वहिनीने लगेच मला फोन केला. मी काम करते ती लॅब अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मागच्या गेटातून बाहेर पडलं की रस्ता थेट मोरिवलीत, माहेराच्या दारात जातो. मी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसून, पाय मांडीवर घेऊन, जखमेत हळद चेपत होती.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"दुकत असतं त काल नाचली असती का मी?" ती हसून म्हणाली.

मला याच उत्तराची भीती होती. आईला बरीच वर्षं साखर आहे. गोळी आठवली तर घ्यायची, लग्नघरात असली तर विसरायची, असा तिचा शिरस्ता. साखरेने पायाच्या नसा हळूहळू बोथट होतात. खिळा टोचतो, चटका बसतो, पण पाय काही सांगतच नाही. मग जखम खोल जाते, चिघळते, आणि पुढे काय काय होतं ते मी सांगत बसत नाही. मला ते सगळं पाठ होतं, कारण माझं काम नेमक्या अशाच जखमांवर चालतं.

मी कोलंबीच्या सालांपासून जखमेवर ठेवायचा स्पंज बनवते. सालं आधी आम्लात आणि मग अल्कलीत शिजवून घेतली की शेवटी हाती पांढरी पूड येते. तिला कायटोसन म्हणतात. ती व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लात विरघळवायची, गोठवायची, आणि गोठलेली असतानाच यंत्रात हवा काढून तिच्यातलं पाणी उडवून टाकायचं. मग पावाच्या आतल्या मऊ भागासारखा एक हलका, भोकाभोकांचा चौकोन तयार होतो. जखमेवर ठेवला की तो पाझर शोषून घेतो आणि आत भरलेलं जंतू मारणारं औषध थोडं थोडं सोडत राहतो. काही दिवसांनी तो आपला आपणच विरघळतो, म्हणून पट्टी बदलताना नव्याने धरलेली कातडी ओढली जात नाही.

सुरुवातीच्या काळात ही सालं मी माहेरूनच न्यायचे. आई कोलंबी सोलायला बसली की मी शेजारी डबा घेऊन बसायचे. "यवरं शिकून कोलंबीची सालंच येचाची व्हती," ती म्हणायची, आणि शेजारणींना बोलावून दाखवायची, "बगा, आमची डाक्टरीन." मी औषध देणारी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राची आहे, हे तिला पटवून द्यायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

आईच्या पायात खिळा गेला त्याच वर्षी आमचा स्पंज पहिल्यांदा माणसांच्या जखमांवर तपासला जात होता. उल्हासनगरच्या एका रुग्णालयात साखरेच्या पेशंटांच्या पायाच्या जखमांवर ही चाचणी चालली होती. तयार असलेल्या पेशंटांपैकी कोणाला आमचा स्पंज लावायचा आणि कोणाला नेहमीची पट्टी, हे चिठ्ठी टाकून ठरायचं. चाचणी बघणारे सर्जन डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. मी आईला त्यांच्याकडेच घेऊन गेले.

त्यांनी जखम साफ केली, आत सळई घालून खोली बघितली, एक्स-रे काढला. "हाड वाचलंय," ते म्हणाले, आणि माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं. मग ते आईकडे वळले. "मावशी, जखम बरोबर तळव्याला आहे. तुमचं सगळं वजन तिच्यावरच पडतं. तिच्यावर सोन्याचा पत्रा ठेवला तरी तुम्ही चालत राहिलात तर ती भरणार नाही. मी पायाला प्लास्टर घालतो. दर मंगळवारी यायचं, कापून बघू, नवीन घालू. आणि घरात बसायचं."

आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. पन वरशी माज्या पोरीची दवा लावा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनीच सांगितलं की मावशी, ती दवा अजून तपासणीत आहे आणि जिने ती बनवली तिच्या घरचं माणूस त्या तपासणीत घेता येत नाही.

आईला मी तिथून रिक्षाने बदलापूरला, कात्रपच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. मोरिवलीच्या घरी राहिली असती तर प्लास्टरसकट ती पहिल्याच दिवशी गोठ्यात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मांडवात दिसली असती. सोफ्यावर बसवून, पाय स्टुलावर ठेवून मी चहा करायला वळले, तेव्हा ती म्हणाली,

"परक्यांच्या पायाला तुजी दवा चालतं, आन् आयशीच्या पायाला नाय?"

मी कप तसाच ठेवून तिच्याजवळ बसले. लॅबच्या कपाटात निर्जंतुक केलेल्या स्पंजांची पाकिटं ओळीने लावलेली होती. एक पाकीट पर्समध्ये सहज मावलं असतं. ते मी आणलं नाही. पण दिवसातून कितीदा तरी माझं लक्ष त्या कपाटाकडे जायचं. तिची जखम वाढली असती तर मी स्वतःला काय उत्तर दिलं असतं, मला माहीत नाही.

"आये," मी म्हटलं, "मी लहानपणी गॅदरिंगला नाचायचे ते आठवतं तुला?"

"आठवतं की. एक नंबर नाचायचीस."

"मी एक नंबर नाचत नव्हते. बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं."

"मना त पुढचीच दिसायचीस."

"तेच सांगतेय. तुझ्या जखमेकडे मी बघितलं तर ती मला रोज भरत आलेलीच दिसेल. नसली तरी दिसेल. मग ती दवा खरी की खोटी हे कोण सांगणार? उद्या लोकांच्या पायाला लावायची आहे ती."

आईला हे पटलं असं मी म्हणणार नाही. पण तिने चहा मागितला आणि त्या विषयावर पुन्हा बोलली नाही.

कात्रपच्या घरात बसून राहणं तिला फार जड गेलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने यायचं, दार लावून घ्यायचं, शेजारच्या बाईचं नावही माहीत नाही, हे तिच्या डोक्यातच शिरत नव्हतं. आठवड्याभरात तिने स्वतःच मार्ग काढला. लग्नाचे दिवस होते आणि ठरलेली आमंत्रणं होती. मग लग्नघरचे लोक व्हिडिओ कॉल करायचे, मांडवातलं कोणीतरी तो फोन माइकपुढे धरायचं, आणि आमच्या सोफ्यावरून, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, आई धवले गायची. एकदा मी लॅबमधून आले तर जिन्यापर्यंत तिचा आवाज येत होता आणि आमच्या मजल्यावरच्या तीन बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मधेच ती फोनमध्ये ओरडली, "हलद आदी देवाला लावा रे, नवऱ्याला नको!" आणि पलीकडे सगळा मांडव हसला.

मंगळवारी मी अर्धा दिवस रजा टाकायचे आणि तिला उल्हासनगरला न्यायचे. चाचणीचे पेशंट ज्या खोलीत तपासले जायचे तिथे मला मज्जाव होता, तसं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते योग्यच होतं. मी बाहेरच्या बाकावर, फक्त मुलगी म्हणून बसायचे. त्याच बाकावर आईची ओळख एका सिंधी काकांशी झाली. उल्हासनगरच्याच कॅम्प तीन भागात त्यांचं जीन्सच्या कापडाचं दुकान होतं. सत्तरीच्या पुढचे, पांढरा शर्ट, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला पट्टी. त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला जखम होती.

दोघांचं जमलं ते मासळीवरून. खोलीत जाताना नर्सने काकांना विचारलं होतं की कोलंबी खाल्ल्यावर अंगावर पित्त तर उठत नाही ना. स्पंज सालांपासून बनतो म्हणून हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा लागतो. काका बाहेर येऊन आईला म्हणाले, "देखो बहेनजी, पैर का इलाज है और झिंगे का पूछते हैं!" मग त्यांनी आपली आई पल्ला मासा कसा तळायची ते सांगितलं, आईने सुक्या बोंबलांचं सांगितलं. हिने आपल्या हिंदीत, त्यांनी त्यांच्या. पुढच्या मंगळवारी काका म्हणाले, "मेरे को तो कुछ सफेद पाव जैसा लगाते हैं."

आईने हळूच माझ्याकडे पाहिलं. आता ही सांगणार, असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "अच्छा है. लगाने का."

घरी आल्यावर मी तिला विचारलं की तू सांगितलं कसं नाहीस. ती म्हणाली, "तूच बोल्लीस ना, आपल्याला समदा चांगलाच दिसतं. मंग त्यांना कशाला सांगू? त्यांनापन चांगलाच दिसंल, माज्या तोंडाकडं बगून."

म्हणजे तिने ते ऐकलं होतं, आणि माझ्यापेक्षा पुढे नेलं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती म्हणाली, "उट, डाल करपतं."

प्लास्टर बदलत गेलं. दर वेळी जखम थोडी लहान दिसायची. डॉक्टर मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवायचे, कारण स्वतःचा तळवा तिला वाकून बघता येत नव्हता. आई फोटो बघून "बारीक झाली, बारीक झाली" म्हणायची आणि ते फोटो वहिनीला पाठवायला लावायची.

मग एका मंगळवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. आईने नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, फोन केला होता, घरचे म्हणतात की येणार नाहीत. आई अस्वस्थ झाली. "तू बग ना कुटं हायेत," ती मला म्हणाली. मी तिला सांगितलं की मी अजिबात फोन करू शकत नाही. दवा माझी. मी पेशंटला 'या' म्हटलं तर तो दबाव झाला. डॉक्टर बघतील.

"बरा," आई म्हणाली. ती इतक्या पटकन 'बरा' म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या बाईंचा फोन आला. तुमच्या आई काठी घेऊन लिफ्टने खाली गेल्या आणि रिक्षात बसल्या, मी हाक मारली तर म्हणाल्या, कापड आणायला जाते. कापड म्हणजे काकांचं दुकान; मी हातातलं काम टाकलं. आईचा फोन लागत नव्हता. लॅबमधून बाहेर पडून रिक्षा पकडली तेव्हा माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. प्लास्टरचा पाय, शेअर रिक्षात चार माणसांत कोंबलेला, कॅम्प तीनच्या बाजारातली ती गर्दी, हातगाड्या, गठ्ठे वाहणारे हमाल. महिन्याभराची मेहनत एका दुपारी मातीत जाणार होती.

दुकान शोधायला वेळ लागला. काकांचं आडनावही मला माहीत नव्हतं. जीन्सच्या कापडाचे दुकानदार तिथे ओळीने बसलेले. शेवटी एकाने सांगितलं, "वो प्लास्टरवाली अम्मा? आगे, तीसरी दुकान."

आई गादीवर बसली होती. प्लास्टरचा पाय कापडाच्या ताग्यावर व्यवस्थित उंच ठेवलेला. तिच्यापुढे पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड. काका समोर खुर्चीत, पायाला घरचंच फडकं गुंडाळून. मला बघून आई म्हणाली, "रिक्षा दारापरत आनली. चार पावलां बी चालली नाय."

मला रडू की ओरडू समजेना. मी पायरीवरच बसले. काकांनी माझ्यापुढेही पाणी आणि पापड ठेवला.

आईने काय केलं होतं ते मग कळलं. ती आत येऊन बसली, आणि दुसरं काही न बोलता म्हणाली, "भाईसाब, पांव आपका है, डाक्टर का नहीं. पसंद नहीं तो उसको बोलो, घर में मत बैठो." काका आधी रागावले. मग सांगायला लागले. शेवटची पट्टी बांधल्यावर तिसऱ्या दिवशी तिची कड सुटली आणि तिथे त्यांना काहीतरी पिवळट, बुळबुळीत दिसलं. त्यांच्या मोठ्या भावाचा पाय असाच गेला होता, आधी पू, मग बोटं, मग घोट्यापर्यंत. त्यांना वाटलं ही नवी दवा आपला पाय सडवते आहे. घाबरून त्यांनी पट्टी काढून टाकली, आणि घरच्यांना सांगितलं की आता त्या दवाखान्याचं नाव काढायचं नाही.

"पू था, बहेनजी. मैंने अपनी आंख से देखा," ते म्हणाले.

मी पापड हातात धरून ऐकत होते. मला समजलं होतं ते काय होतं. तो पू नव्हता, निदान बहुतेक नव्हता. तो आमचा स्पंज होता, विरघळायला लागलेला. लॅबमध्ये आम्ही तो स्वच्छ मिठाच्या पाण्यात विरघळवायचो. तिथे तो काचेसारखा पारदर्शक होतो, बघायला सुंदर दिसतो. जखमेत पाझर असतो, थोडं रक्त असतं. तिथे तो पिवळा, चिकट, अगदी पुवासारखाच दिसणार. वाघ पाहिलेल्याला झुडपातही वाघच दिसावा, तसं भावाचा पाय जाताना बघितलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार होतं? इतकी वर्षं मी या पदार्थाबरोबर काढली, आणि पेशंटला घरी, पट्टीच्या कडेने, तो कसा दिसेल याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

पण मी तिथे काहीच बोलू शकत नव्हते. 'बहुतेक' या शब्दावर कोणाचा पाय पणाला लावायचा नसतो. मी फक्त म्हटलं, "काका, आत्ता दाखवून घेऊ या. खरंच पू असेल तर लगेच कळेल."

आई उठायला लागली. "मैं भी आती. चलो."

काकांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग त्यांनी काठी घेतली आणि मुलाला दुकान सांभाळायला सांगितलं. आम्ही तिघं एका रिक्षात बसलो, आईचा पाय माझ्या मांडीवर आडवा.

डॉक्टरांनी आधी आईला झापलं. आईने खाली बघून सगळं ऐकून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखं. मग त्यांनी काकांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले, आईचा हात धरून. आपण ज्याला ओढून आणलं त्याच्या पायाचं काही वाईट निघालं तर, हे तिच्याही मनात असणार. मग काका बाहेर आले. त्यांनी आधी आईकडे बघून नुसता हात वर केला.

पू नव्हता. जखम फडक्याने थोडी ओली झाली होती, साफ करावी लागली, पण खाली लाल, चांगलं मांस धरलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना विरघळणारा स्पंज आणि खरा पू यांत फरक काय, वास कसा असतो, आजूबाजूची कातडी कशी दिसते, ते नीट दाखवलं. चाचणीत राहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, असंही सांगितलं. काका म्हणाले, रहूंगा.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला फोन केला. "आपलं चुकलं," ते म्हणाले. "पेशंटला काय दिसणार ते आपण सांगितलंच नाही." रुग्णालयाच्या समितीची परवानगी घेऊन त्यांनी नवी पद्धत सुरू केली. पहिल्या पट्टीलाच नर्स प्रत्येक पेशंटला फोटो दाखवायची, की तिसऱ्या दिवशी असं दिसेल, घाबरू नका, असा वास आला तर मात्र लगेच या. मराठीत, हिंदीत, आणि एका सिंधी नर्सकडून सिंधीतही. त्यानंतर कोणी पेशंट घाबरून घरी बसल्याचं माझ्या ऐकण्यात आलं नाही.

आईची जखम काकांच्या आधी बंद झाली. शेवटचं प्लास्टर कापलं तेव्हा तळव्यावर एक गुलाबी, पातळ ठिपका होता, बस. वहिनी खास आली होती. तिने हात जोडले. मी तर इतकी खूश झाले की दवाखान्यातच आईचा पाय धरून बसले. तरी खरं सांगायचं तर त्या आनंदात एक बारीकशी टोचणीही होती. आईला बरं केलं ते साध्या प्लास्टरने आणि घरी बसून राहिल्याने. माझ्या स्पंजाचा एक कणही तिच्या पायाला लागला नव्हता. डॉक्टरांनी माझा चेहरा वाचला असावा. ते म्हणाले, "प्लास्टरही कोणीतरी शोधून काढलंच असेल ना? त्याच्या आईच्या पायालाही ते लावता आलं नसेल कदाचित."

काकांची जखम त्यानंतर काही आठवड्यांनी भरली. चाचणी संपली. निकाल ढोल वाजवावा असा नव्हता, पण हिंमत देणारा होता. काही पेशंटांना फरक पडला नाही. बऱ्याच जणांना पट्ट्या कमी वेळा बदलाव्या लागल्या आणि बदलताना जखम दुखावली गेली नाही. पुढची, मोठी चाचणी करण्यासारखं त्यात काही आहे असं ठरलं. निकाल लागल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी काकांना सांगितलं की तो सफेद पाव मी बनवते. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं.

"बहेनजी, आपने बताया नहीं?"

"आप डर जाते," आई म्हणाली. "बोलते, बेटी का माल बेचने आई है."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

लॅबमध्ये आम्ही आता स्पंजात अगदी फिका निळा रंग घालतो. विरघळला तरी निळाच राहतो, म्हणजे कोणालाही, डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्यालाही, समजावं की ही दवा आहे, पू नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण जो रंग शरीरात जाणार तो निर्धोक आहे हे दाखवायला आमचं वर्ष गेलं. दोन रंग बाद झाले. एकाने औषध धरून ठेवलं, सोडलंच नाही. दुसरा पहिल्याच दिवशी पट्टीवर उतरून गेला. तिसरा टिकला. मोठ्या चाचणीत तोच जाणार आहे.

आई परत मोरिवलीला गेली आहे. तिच्या पायात आता खास मापाचे जाड तळव्याचे बूट असतात, आणि मांडवात तिच्यासाठी एक खुर्ची ठेवतात. नऊवारीखाली बूट घालून ती बसते आणि गाते. कोणी हसलं तर पाय पुढे करून दाखवते. हल्ली ती हळदीच्या आदल्या दिवशीच जाते आणि साखर असलेल्या बायकांना ओळीने बसवून त्यांचे तळवे बघते. मागच्या हिवाळ्यात तिने दोघींना डॉक्टरांकडे पाठवलं. एकीच्या टाचेत काच होती आणि तिला ठाऊकच नव्हतं.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा निळ्या स्पंजाचा एक तुकडा सोबत नेला होता. कापताना कड वाकडी झाली म्हणून बाद केलेला. आईने तो तळहातावर घेतला, वास घेतला, बोटाने दाबला. मग वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात ठेवला आणि आम्ही दोघी बघत बसलो. तो हळूहळू बसत गेला, मऊ झाला.

"यो मना दे," ती म्हणाली. "नाय, ह्यो भिजला. दुसरा हाय का? भाईसाबना दाखवाचाय."

माझ्याकडे आणखी एक होता. तिने तो रुमालात गुंडाळून बटव्यात ठेवला आणि बूट चढवायला घेतले.

"आत्ता? ऊन किती आहे बघ."

"रिक्षा हाय ना."

मी अडवलं नाही. दुपारी तिच्या फोनवरून मला एक व्हिडिओ आला. काकांच्या दुकानातला. गादीवर पाण्याचा ग्लास, ग्लासात निळा तुकडा, आणि भोवती कापड घ्यायला आलेली माणसं, वरच्या कारखान्यातले दोन शिलाईवाले, सगळे वाकून बघताहेत. व्हिडिओत काकांचा आवाज येतो. ते कोणाला तरी समजावून सांगताहेत, "डरने का नहीं. नीला है, मतलब दवाई है." मग आईचा आवाज येतो, "जरा बाजूला व्हा, मागच्यांना दिसत नाय," आणि चित्र हलतं, छताचा पंखा दिसतो, आणि व्हिडिओ बंद होतो.